बाबांच्या बाजूचा ब्रेक

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गावी चिऊचा विनोदांचा शो ठरला. एकवीस तारीख, मोठं नाट्यगृह, बाल्कनीसकट सगळं विकलं गेलं. फलकावर तुझी लेक माझ्यापेक्षा उंच दिसते. ज्याने हॉटेलच्या तळघरात शेजाऱ्यांच्या खुर्च्या मांडून पहिला शो केला, आणि त्या खुर्च्यांवर निम्मे नातेवाईकच बसवले, त्याला हे लिहिताना बरं वाटतं. तेव्हा तू विचारलं होतंस की हसवणारे हसवतात, हसणारे हसतात, मग मध्ये तुझं काय काम? नीट उत्तर अजून सापडलेलं नाही.

भावोजींना आणायचंच, चिऊचा हुकूम आहे. शोच्या शेवटी ती गाडी शिकवणाऱ्या बापाचा भाग करते. शिकवणीच्या गाडीत बाबांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. आणि हे बाबा जेवतानासुद्धा, कोणी जरा वेगात बोललं की टेबलाखाली पाय दाबतात. लोक हसून आडवे होतात. तुमच्याकडे ती त्यांना मंचावर बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवणार आणि स्वतः गाडी चालवणार. त्यांना आधी सांगायचं नाही. कडेची खुर्ची राखली आहे.

माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझा
बाळ्या

६ फेब्रुवारी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

हे दिवसभर घरात असतात, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. उत्तर शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव.

तो भाग होता कामा नये. गेल्या महिन्यात शिकवणीच्या गाडीला अपघात झाला. शिकाऊ मुलगा गोंधळला, गाडी कडेला घुसली, सायकलवरच्या एका मुलीचा पाय मोडला. ह्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, पण उशिरा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चौकशी चालू आहे, शिकवणी बंद. गाडी फाटकासमोर उभी आहे आणि हे खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसतात. चिऊला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. तुला लिहिलं म्हणजे ती मोडलीच.

शोला नाही गेलो तर पोरीला संशय येईल, म्हणून जाणार म्हणतात. कोट इस्त्री करून टांगला आहे. तू तिला तो भाग गाळायला सांग. कारण सांगू नकोस. तू आता एवढा मोठा माणूस, तुझं ऐकेल.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच.

तुझी
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पण तू नेमकं तेच मागितलंस, जे मी करत नाही. कोणाच्या विनोदाला मी हात लावत नाही. एका नाट्यगृहाच्या मालकाने एकाचे विनोद गाळायला सांगितले होते, तर मी शो सोडला आणि प्रेक्षक दारातून परत पाठवले. पोस्टर कोणीही चिकटवतो. कलाकार माझ्याकडे येतात ते त्या दिवसामुळे. मी एकदा ‘हे गाळ’ म्हटलं की दुकानाला कुलूप.

तरी काल बोललो. म्हटलं, या गावात तो भाग नको. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, असंच. तर म्हणाली, ‘असंच’ हे बाकीचे आयोजक म्हणतात, मामा. मग जरा वेळाने हळूच विचारलं, बाबांना माझी लाज वाटते का? मी नाही म्हटलं ते तिला खोटं वाटलं. आता ती तो भाग आणखी वाढवणार आहे. विझवायला गेलो आणि तेल ओतून आलो.

त्यापेक्षा अपघात सांगून टाकू या. पोरगी शहाणी आहे, आपणच गाळेल. शपथ मोडल्याचं पाप माझ्या नावावर लिही. होकार लवकर कळव.

तुझा
बाळ्या

१४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस. हात जोडते.

मी तुला अर्धंच लिहिलं होतं. तो शिकाऊ मुलगा चिऊचा शो बघून आला होता. शेजारी बसलेत ते तिचे वडील, हे त्याला ठाऊक नव्हतं. गाडी चालवता चालवता सांगत होता, एक मुलगी आहे, तिचा बाप म्हणे जेवतानाही ब्रेक दाबतो. ह्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. चिऊने ऐकवायचा धीर केला नसेल. ह्यांना हसू आलं. इतकं, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. तेवढ्यात ती सायकल आली.

मला हे एकदाच सांगितलं. म्हणाले, विनोद चांगला होता गं, तेच वाईट झालं. चौकशीत ‘लक्ष नव्हतं’ एवढंच लिहून दिलं आहे. अपघात कळला तर पोरगी विचारणार, उशीर का झाला. विचारल्याशिवाय राहायची नाही, तुझ्यावर गेली आहे. आणि ते कळल्यावर मंचावर पुन्हा तोंड उघडेल का, तूच सांग.

मी शोला येणार नाही. मला बघवणार नाही. तू काहीतरी कर.

तुझी
ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या गावातून लिहितो. काल चिऊला तुमच्याकडे सोडलं आणि घरात न येता निघालो. तुला तोंड दाखवायचा धीर नव्हता.

सभागृहाच्या मागच्या भिंतीवर लाल दिवा असतो. तो लागला की मंचावरच्याला कळतं, वेळ संपत आली. दिवा लावायला माझा माणूस असतो. काल त्याला उठवून तिथे मी बसलो. तो भाग येण्याआधीच दिवा लावायचा. ती आटपेल, नमस्कार करेल, माणसं घरी जातील. विनोदाला हात लावल्यासारखंही होणार नाही. असं मी स्वतःला पटवलं होतं.

या धंद्यात केस पिकले आणि एक साधी गोष्ट विसरलो. लाल दिवा दिसला की कलाकार आटपत नाही. हातातलं सोडतो आणि आपल्या सर्वांत भारी गोष्टीवर उडी घेतो. चिऊ वाक्याच्या मध्येच थांबली, दिव्याकडे बघितलं आणि म्हणाली, माझे बाबा आले आहेत.

टाळ्या पडल्या. भावोजी उठले. मला वाटलं दाराकडे वळतील. ते पायऱ्या चढले, कोटाचं बटण लावलं आणि खुर्चीवर बसले. तिने गाडी सुरू केली. वेग वाढवला. समोरून बस येते म्हणून ओरडली. सगळे त्यांच्या पायाकडे बघत होते. पाय हलला नाही. लोकांना वाटलं, मुद्दाम ताणताहेत. हशा चढत गेला. एवढा मोठा हशा मी आजवर ऐकलेला नाही, ताई. ती दोघंच हसत नव्हती. तिने त्यांच्याकडे बघितलं, हातात नसलेलं चाक सोडलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पडदा पाडायला सांगितला.

आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. तुझ्या रागाला पात्र आहे. पण पत्र पाठव.

बाळ्या

२५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

फोन उचलत नाही कारण फोनवर तू मध्येच बोलतोस.

दिवा वेळेआधी लागला आणि तो कोणी लावला, ते मला कळलं. वेळ माझ्या अंगात भिनली आहे, घड्याळ लागत नाही. ज्याच्या जिवावर मी कुठल्याही गावात काहीही बोलत आले, त्याने माझा शो माझ्या पाठीमागे कापला.

बाबांनी पडद्यामागे सांगितलं. म्हणाले, तुझ्या विनोदात एक चूक आहे, त्यात मी दर वेळी वेळेवर ब्रेक दाबतो. मग अपघात सांगितला. म्हणजे तुम्हां तिघांनाही ठाऊक होतं. मला काय झेपेल ते तुम्ही टेबलाखाली ठरवलंत.

आता एक सांग. उशीर का झाला? ते म्हणतात, लक्ष नव्हतं. मी त्यांच्याकडेच गाडी शिकले, त्यांचं लक्ष नसतं हे मला सांगू नका. आईला विचारलं की ती स्वयंपाकघरात जाते. खोटं लिहिलंस तर पुढच्या शुक्रवारचा शो तूच कर. पाठ आहेच तुला.

अजून तरी तुझीच,
चिऊ

२८ फेब्रुवारी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने सांगू नको म्हणून हात जोडले होते. तू विचारलंस, म्हणून सांगतो.

तो मुलगा तुझा शो बघून आला होता. तुझ्या बाबांनाच त्यांच्यावरचा विनोद सांगत होता. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. तेवढ्यात झालं.

तुझा दोष नाही, असं एक वाक्य लिहून खोडलं आहे. ते तुला सगळेच सांगतील. दिव्याबद्दल सबब नाही. दुसरा आयोजक हवा असेल तर चांगला बघून देईन. शुक्रवारचं सभागृह सोडलेलं नाही. तू आली नाहीस तर मी मंचावर जाऊन लोकांची माफी मागेन. विनोद पाठ आहेत, पण मला हसवता येत नाही.

तुझं भलं चिंतणारा
मामा

३ मार्च

ती. मामास,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. मी गप्प, म्हणून आईने कपाळाला हात लावून ताप बघितला. आज सकाळी बाबांना म्हटलं, चला. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. चालतच गेलो.

ती सायकलवरची मुलगी इस्पितळातून तिच्या घरी आली आहे, पाय प्लास्टरमध्ये. बाबा खोलीच्या दारातच थांबले. मी आत जाऊन सांगितलं, ही मी, हे माझे बाबा. आणि उशीर का झाला तेही. तिची आई उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मुलगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, एवढं काय होतं त्या विनोदात? सांग बघू.

खाटेजवळच्या स्टुलावर बसून सांगितला, पहिल्यापासून. तो भाग इतका वाईट मी कधी केला नसेल. ती हसली नाही. बाबा खाली बघत होते. संपल्यावर ती म्हणाली, हा काही एवढा खास नाही. पाठीमागची उशी सरळ केली आणि विचारलं, दुसरा आहे का?

मग दुसरा सांगितला. बाबांना तिने आत बोलावलं नाही. जा असंही म्हणाली नाही.

शुक्रवारी येते. तो भाग काढला आहे, तू म्हणालास म्हणून नाही. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही, ते शो झाल्यावर बघू.

चिऊ