धाकटीच्या नावे माळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, गवताळ जमिनींच्या संशोधन केंद्रातून निवृत्त झालेली वनस्पती-मोजणीदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. शेजारी बसून कोणी काही सांगत नाही. सांगणारी एकच होती, आणि तिचे मी ऐकले नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावे. बँकेत असेल त्यातून माझा अंत्यविधी उरकावा. उरेल ते तिचेच. मागच्या दाराची कडी अडकते, ती वर उचलून ओढावी लागते. तिच्या आईला ठाऊक आहे.

२. भिंग, मीटरभर लांबरुंद लोखंडी चौकट आणि मोजणीच्या सव्वीस वह्या केंद्राला द्याव्यात. चौकट गवतावर ठेवायची आणि आत किती जातींची रोपे आहेत ते वाकून मोजायचे, हे काम मी चौतीस वर्षे केले. आमच्या घरात याला काम म्हणत नसत. धाकटी मात्र मेंढ्या सोडून माझ्याजवळ उकिडवी बसे. लहानपणी आम्हीच ठेवलेल्या नावांनी ती रोपे मला दाखवी: मांजरकान, बोटभर निळी, म्हातारीचे बटण. त्यांची शास्त्रीय नावे मला पाठ आहेत. वहीत मात्र आधी ही नावे आहेत, ती कोणी खोडू नयेत.

३. अकरा एकर माळ धाकट्या बहिणीला द्यावा. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

वडिलांनी माळ माझ्या नावावर केला, कारण मी शिकलेली. मेंढ्या धाकटीला दिल्या, कारण ती त्यांच्यातच वाढली. माळ एकीचा, मेंढ्या दुसरीच्या, म्हणजे पोरी एकमेकींना सोडणार नाहीत, असा त्यांचा विचार असावा. बारा वर्षे तो खरा ठरला.

मग केंद्राचे तेव्हाचे प्रमुख माळ पाहायला आले. माती भुकेली आहे, खत घाला आणि चार वर्षे मेंढ्या आत येऊ देऊ नका, म्हणाले. एका तुकड्यावर करून पाहिले. गवत कमरेला लागले. मी हरखून गेले आणि सगळ्या माळाला तारेचे कुंपण घालायचे ठरवले. धाकटी त्या गवतात शिरली, दोन्ही हातांनी ते बाजूला केले आणि म्हणाली, "ताई, वरून बघू नकोस. खाली बघ. खाली काहीच नाही."

मी म्हणाले, "मोजायचं काम माझं आहे. तू मेंढ्या राख."

एवढेच बोलले. भांडण असे झालेच नाही. तिसऱ्या दिवशी ती साठ मेंढ्या आणि कडेवरची पोर घेऊन डोंगरापलीकडे नवऱ्याच्या मावशीकडे गेली. जाताना फाटक नीट लावून गेली.

कुंपण घालण्याआधी चौकटीत एकतीस जाती मिळत. खत घातले, मेंढ्या गेल्या, आणि सहाव्या वर्षी नऊ उरल्या. त्या नऊमधल्याही दोन गवतांनीच सगळी जागा बळकावली होती. मला वाटले, माती अजून भुकेली आहे. मी आणखी खत घातले.

सातव्या वर्षी ओढ्याकडच्या कोपऱ्यात तार तुटलेली दिसली. शेजारच्या गायी दोन वर्षे तिथून आत येऊन चरत होत्या. दुरुस्तीला म्हणून गेले आणि सवयीने चौकट टाकली. चोवीस निघाल्या. खत तेच, तितकेच. उजेड मोजायचे यंत्र आणून जमिनीलगत ठेवले. चरलेल्या कोपऱ्यात ऊन थेट मातीपर्यंत येत होते. उंच गवताखाली भरदुपारी तिन्हीसांज होती. बारकी रोपे उपाशी मेली नव्हती, अंधारात मेली होती. मातीला आम्ही पोटभर खाऊ घातले, मोठ्या गवतांनी ते खाऊन डोक्यावर छत धरले, आणि ते छत खुडणारी तोंडे मी फाटकाबाहेर काढली होती. एकतीसच्या एकतीस त्या कोपऱ्यातही आल्या नाहीत, हेही खरे. खताने नेले ते सगळेच्या सगळे गायींना परत आणता आले नाही.

मी तिथेच खाली बसले. पहिल्यांदा मनात आले ते हे, की हे धाकटीला सांगायला हवे.

४. माजी प्रमुखांना काहीही देत नाही. त्यांनी त्या कोपऱ्याचे आकडे "बिघडलेली नोंद" म्हणून अहवालातून गाळले. माझ्या वहीतल्या त्या आकड्यांच्या पानाची एक प्रत त्यांना पोस्टाने पाठवावी. परत आली तर पुन्हा पाठवावी.

५. धाकटीला मी तीन पत्रे लिहिली आणि एकही टाकले नाही. ती कपाटात आहेत, तिला द्यावीत. नऊ वर्षांपूर्वी बसने तिच्याकडे गेलेही होते. ती अंगणात एका मेंढीचे खूर कापत होती. तिने पाणी दिले. गुडघ्यांबद्दल बोललो, भाचीच्या नोकरीबद्दल बोललो. निघताना तिने खुराकडेच बघत विचारले, "खाली किती राहिलीत?"

"नऊ," मी म्हणाले.

"मग कुंपण काढ."

मी परत आले आणि काढले नाही. याचे खरे कारण आजवर कोणाला सांगितलेले नाही. कुंपण उभे आहे तोवर ती त्याच्यामुळे येत नाही, असे मला म्हणता येत होते. ते काढल्यावरही ती आली नसती, तर मी काय म्हणणार होते?

~~६. माझ्या पश्चात माळाचे कुंपण काढून टाकावे.~~

खाडाखोडीबाबत: कलम सहा मी स्वतः खोडले आहे. साक्षीला बोलावलेल्या सुतारांनी ते वाचून विचारले, "बाई, यासाठी मरायची वाट कशाला बघायची?" ते पक्कड घेऊन आले आणि आम्ही आज सकाळी पूर्वेची बाजू मोकळी केली. उरलेली उद्या होईल.

नंतर मी धाकटीला फोन लावला. कुंपण काढतेय, एवढेच सांगितले. ती म्हणाली, "माझ्याकडे आता चौदाच राहिल्यात, ताई."

येते म्हणाली नाही. येत नाही, असेही म्हणाली नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला असून तो माझाच आहे.

सही: मोजणीदार, मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: सुतार, कोपऱ्यावरचे दुकान
साक्षीदार दुसऱ्या: शेजारीण, शिवणकाम

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ मार्च