बसायला आलेली माणसं

बाई, आज तुमच्या मिशनचे दोघं कामरगावला येऊन गेले. दवाखान्याची बंद खोली ठेवायची की विकायची, हे त्यांना ठरवायचं आहे. तुमच्या काळात इथली किती कुटुंबं प्रभूकडे आली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. उन्हात त्यांना गाव दाखवून गुडघे दुखत होते, आणि दुभाष्यामार्फत काय काय सांगणार? चहा दिला, ते गेले. तेव्हापासून मनात तुमच्याशीच बोलते आहे, तेच आता कागदावर उतरवते.

तुम्ही परदेशातून इथला दवाखाना चालवायला आलात, तेव्हा मी नुकती बी.ए. होऊन तुम्हाला मराठी शिकवायला लागले होते. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे सांगितलं तर तुम्ही पोस्टमनलाही ‘येते हं’ म्हणू लागलात. लोक हसायचे, पण त्यांना आवडायचं. मग बुद्धविहारामागच्या आजींचा नवरा वारला. तुम्ही माझ्यासोबत दुखवट्याला बसायला गेलात, बायकांमध्ये मांडी घालून गप्प बसलात. सगळं ठीक चाललं होतं. उठताना तुम्ही आजींपुढे हात जोडलेत आणि स्पष्ट आवाजात म्हणालात, ‘येते हं मी.’ मयताच्या घरून निघताना कोणी असं म्हणत नाही, मुकाट्याने उठतात. हे कोणाला शिकवावं लागतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आजींनी मान वर केली. ‘काहून येतं वं बाई? अजून कोनी मराव लागते का आमच्या घरी?’

त्या दिवसापासून ती गल्ली तुम्हाला बंद झाली. तुम्हाला स्वतःच्या मानाचं काही नव्हतं. आजींच्या सुनेला सातवा महिना लागला होता, पाय सुजल्याचं कानावर आलं होतं, आणि तिचं ब्लडप्रेशर तुम्हाला तपासायचं होतं. माफी मागायला जाते म्हणालात, तर मी रागावले. माफी मागितली की तेच पुन्हा निघेल, चार महिने तिकडे फिरकू नका, म्हटलं. ‘तिच्याकडे चार महिने नाहीत,’ एवढंच म्हणालात आणि छत्री घेऊन निघालात.

तुम्ही आजींच्या दारासमोरच्या ओट्यावर बसलेल्या अजून दिसता. आजी अंगणात तूर निवडताहेत, तुमच्याकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशीही तेच. मी दुरूनच पाहते, मला लाज वाटते आहे. मग एका सकाळी आजी न वळताच म्हणाल्या, ‘झाड लावलं का तुले तिथं?’ तुम्ही उठून त्यांच्याजवळ गेलात, दुसरं सूप ओढलंत आणि तूर निवडू लागलात. थोड्या वेळानं आजींनी ते सूप हिसकावलं. ‘अवं, खडे ठेवून राह्यली अन् दाने फेकून राह्यली. तुह्या मायनं काही शिकवलं का नाही तुले?’ आत सून हसली. आजींनी तिलाच चहा ठेवायला सांगितलं, आणि चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा तुम्हाला तिचे सुजलेले पाय दिसले; तिथेच बसवून तपासलंत, तर ब्लडप्रेशर फार वाढलेलं. त्याच दुपारी तिला जीपनं कारंज्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पुढे ती आणि मूल दोघंही वाचली. आजींच्या घरात बुद्धाचा फोटो होता तिथेच राहिला, आणि तुम्ही तो कधी हलवायला सांगितला नाहीत.

हे त्या पाहुण्यांना सांगता आलं असतं. पण ‘किती’ विचारणाऱ्याला मी काय उत्तर देणार? आता रोज माणसांशी बोलायचाच कंटाळा येतो. खोली विकतील बहुतेक. हा कागदही घडी घालून कपाटात ठेवीन, टाकायला पत्ता नाही.

एक मात्र तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तिकडे मायदेशी वारल्याचं कळलं, तेव्हा आजी गल्लीतल्या बायका घेऊन माझ्याकडे बसायला आल्या. मी म्हटलं, मी त्यांची कोणी नव्हते, पगारी शिक्षिका होते. आजी म्हणाल्या, ‘चूप बस. तिचं इथं तुह्याशिवाय कोन हाय?’ ज्या घरचं माणूस जातं तिथे चूल पेटवत नाहीत, म्हणून त्यांनी भाकरी आणि पिठलं आणलं होतं. माझा स्वयंपाक केव्हाच झाला होता, मी जेवलेही होते. ते त्यांना सांगितलं नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या पातेल्यावर हळूच फडकं टाकलं आणि त्यांच्यासमोर बसून पुन्हा जेवले.