पाणवठ्यावरची माणसं

आबा, आज मार्केटच्या ट्रकमधून गावाकडचं सामान आलं: नाचणी, मधाची बाटली आणि फडक्यात बांधलेला पत्र्याचा डबा. तुर्भे नाक्यावरून घरापर्यंत हमालाला पाच रुपये दिले, ते वहीत लिहिले. डब्यात सुकवलेलं मटण. वासावरूनच कळलं, बकऱ्याचं नाही. बूथवर जाऊन वनचौकीत फोन लावला, त्याचे आठ रुपये. तुमच्यामागं तुमच्याच जागी वनरक्षक झालेला आपला धाकटा म्हणाला, "भेकराचं हाय आक्का. गुमान शिजव, दाजींना आवडंल."

"आबा असते तर?"

"आबांच्या टायमाला पाणवठ्यावर मानसं हुती. नव्या सायबानं ती काढली अन् मला जीपमधी बसवलं. जीप फिरती डांबरावर, फासे लागत्यात रानात. बंदूकवाले गेटावर येत्यात, मी कुलूप काढतो. न्हाय काढलं तर कोन वाचवनार, तुझा देव?"

मी चौथीत असताना काकांनी पानात बांधून असाच वाटा आणला होता. आई फोडणी टाकतेय, तुम्ही दारातून येता आणि चुलीवरचं पातेलं उचलून अंगणात पालथं करता. मी रडले, तर म्हणालात, "रानातलं चोरून खानारी पोर माझी न्हवं." सख्ख्या भावावर केस केलीत. तो दंड भरून आला, तशी त्या वेळच्या साहेबांना गळ घालून त्यालाच पाणवठ्याच्या राखणीला लावलंत, फासा कुठं लागतो ते त्यालाच ठाऊक म्हणून. त्यानं आणखी जुने शिकारी आणले. हळूहळू संध्याकाळी चुलीपाशी भेकराचं भुंकणं ऐकू यायला लागलं. पण काका तुमच्याशी बोलले नाहीत ते नाहीतच. तुम्हाला खांदा द्यायलाही आले नाहीत. भावाभावांतला तो अबोला आईनं एकटीनं सोसला, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

आता मोठ्या साहेबांना अर्ज लिहिलाय. मॅट्रिक झाल्याचा तेवढा उपयोग. राखणदार परत लावा, जीप सोडून पायी गस्त घाला. पण साहेब विचारतील, बाई, नवी मुंबईत बसून तुम्हाला शिकारीचं काय ठाऊक? मग डब्याचं सांगावं लागेल आणि धाकट्याची नोकरी जाईल. त्याला दोन लेकरं आहेत. आई गेल्यापासून माहेर म्हणून मला तेवढंच दार उरलंय, आणि परवा भाऊबीज. डबा तसाच ओट्यावर आहे. देवापुढं बसून पाहिलं, देव काही बोलत नाही. तुम्ही बोलायचात, नको तेवढं. अर्जात धाकट्याचं नाव घालू का? खरं सांगते आबा, या एका वेळी तुम्ही नको म्हणावं असं वाटतंय. उलट टपाली कळवा.