आवक क्रमांक ४१७ची प्रार्थना

१२ डिसेंबर १९८३

ती. सुलोचनाताईंना,
तुमच्या भावजयीचा प्रभूच्या नावाने सलाम. दमा कसा आहे? (मी पाठवलेला मध अजून बाटलीतच असणार, ठाऊक आहे मला.) मी बरी आहे. गेला महिनाभर तर इतकी कृतज्ञ आहे की माझी मलाच ओळख पटत नाही.

वाटेलगतच्या शेतातल्या सुखरामने पांदण अडवली, तुमच्या भावाच्या कबरीकडे जायची ती गाडीवाट धुरा, म्हणजे बांध, टाकून आपल्या धानात घातली, हे तुम्हाला कळवलंच होतं. चिखलातून जायचं तर माझे गुडघे हे असे. वर्षभर मी कबरीवर एक फूल ठेवू शकले नाही. वाट मोकळी करायचा अधिकार तहसीलदारांचा, म्हणून अर्ज केला, आवक क्रमांक ४१७, आणि अकरा महिने कचेरीत खेटे घातले. (एकतीस वर्षे हेडमिस्ट्रेस होते, इतकं तर मी नापास मुलींच्या बापांनाही तिष्ठत ठेवलं नाही.)

अशात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी फर्मावलं की या महिन्यात सरकारी अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना तुम्ही करायची. मी विचारलं, आमच्या तहसीलदारांसाठीसुद्धा? म्हणाले, बायबलात पौलाने सगळ्याच अधिकाऱ्यांसाठी सांगितलंय, फक्त चांगल्यांसाठी नाही. (पोरगं माझ्या मुलाच्या वयाचं, आणि नको तेव्हा नेमकं बरोबर असतं.) इतर मंडळी दिल्ली-मुंबई एका वाक्यात उरकतात. मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलंय, मागायचं ते नीट तपशीलवार मागावं. रविवारच्या उपासनेत मी उभी राहिले आणि म्हटलं, हे प्रभू, तहसीलदार हिरालाल यांना शांत झोप दे, त्यांचं पोट साफ ठेव, आणि आवक क्रमांक ४१७ वाचता येईल एवढी त्यांच्या डोळ्यांना दृष्टी दे. आमेन म्हणून मोठ्या समाधानाने बसले. त्यात भक्ती किती होती ते विचारू नका.

चर्चच्या भिंतीपलीकडे तहसीलदारसाहेबांचा बंगला. त्यांचा शिपाई तेजराम बागेला पाणी घालत होता, आणि माझा आवाज तुम्ही जाणताच. सोमवारी सकाळीच दारात हजर.

"बाई, सायबाचं गाऱ्हानं तुमी थेट देवाकडं नेलं? साहेब जेवून नाई राहिले ना!"

"गाऱ्हाणं नाही रे, भलं मागितलं त्यांचं."

"मंग अर्जाचा नंबर कायले सांगतला?"

मी त्याला बागेला पाणी घालायला परत पाठवलं.

संध्याकाळी साहेब स्वतः आले. खुर्ची चाचपून बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या डोळ्यांचं तुम्हाला कोणी सांगितलं?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नोकरीवर येईल या भीतीने घरीसुद्धा बोलले नव्हते. कारकून बोट ठेवील तिथे सही करायचे. आणि सुखराम त्या कारकुनाचा साडू! (ताई, मला लाज वाटली. वर्षातून एकदा वाटते, ती यंदाची खर्ची पडली.) मी चहा ठेवला आणि माझ्याजवळची अर्जाची नक्कल मोठ्याने वाचून दाखवली. निघताना म्हणाले, "मागायला सगळे माझ्याकडे येतात, बाई. माझ्यासाठी मागणारं कोणी नव्हतं. बंद करू नका."

बुधवारी साहेबांनी जागेवर उभं राहून धुरा फोडायला लावला. रविवारी मी बैलगाडीने गेले, झेंडू ठेवला आणि तुमच्या भावाला ही सगळी हकीकत सांगितली. नेहमीप्रमाणे मध्ये एक शब्द बोलले नाहीत. प्रभूचे उपकार किती मानू?

तुमची,
एस्तेर

ता. क. साहेबांचा एक डोळा नागपूरला ऑपरेशनने चांगला झाला. दुसऱ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, आणि त्यांची बदली तुमच्या तालुक्यात झाली आहे. तुमच्या मंडळीत रविवारी उभ्या राहून त्यांचं नाव घ्या. नंबर नको.

आणखी ता. क. इथे आता टेकचंद नावाचे साहेब आलेत. वाटेच्या आदेशाची नक्कल मागायला गेले तर मला "काय गं म्हातारे" म्हणाले. पाळक रोज आठवण करून देतात, पण त्यांच्यासाठी तोंड उघडलं की मला भीती वाटते, देव ऐकेल. म्हणून ताई, खरं काम एवढंच: माझा राग जाईपर्यंत टेकचंद साहेबांसाठीही तुम्हीच प्रार्थना करा. आणि माझ्यासाठीही.