अर्धवट कापलेला कणा

तानाबेरू,
९ ऑगस्ट

प्रिय बापा,

सलाम. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण ती कबूल करत नाही. फोनवर मी दोनदा "काम छान चाललंय" म्हणाले. सिक्कीकाका उद्या नाव घेऊन तुमच्याकडे लाबुआन बाजोला निघतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. खरं काय ते फोनवर सांगायचा माझा धीर होत नाही.

मादागास्करला जायच्या आपल्या नव्या नावेचे मालक विनार्तोसाहेब आणि त्यांच्या पत्नी सुरबायाहून आले होते. मी वाळूवर काठीने पूर्ण मापाची नाव आखली. बाई बिछान्याच्या जागी चक्क आडव्या झाल्या. "एवढी रुंद खाट? वादळात मी लोळतच मादागास्करला पोचायचं का गं?" खाट अरुंद केली. सुकाणूला चाक नको, दांडा हवा असं त्यांनीच ठरवलं. "चाक मोडलं तर समुद्रात दुकान कुठलं?" पाण्याच्या टाक्या दोन, म्हणजे एकीचं पाणी खराब झालं तरी दुसरी उरते. नावेच्या नाकाशी पाणी अडवणारी भिंत मात्र मी सोडली नाही. तुम्ही तिला चेष्टेने न्हाणीघर म्हणालात तरी. नाक फुटलं तर ती दोघं जिवंत घरी यायला हवीत, बापा.

आता उरलेलं सांगते.

तुम्ही चिडून गेलात ते माझ्या आखणीवरून. मी नावेच्या तळाचा कणा आखूड आणि खोल काढला होता, नाव वाऱ्याच्या तोंडावर नीट चढावी म्हणून. तुम्ही म्हणालात, "पदवीवाल्या बाई, तुमची नाव पाण्यातच जन्मणार का? आधी किनाऱ्यावरून ओढायची आहे ती. शिवाय वाटेत तळाचं शेवाळ खरवडायला वाळूवर बसवणार कशी?" मी हसले होते.

मंगळवारी कण्याचं टोक कापायचं होतं. प्रार्थना झाली, कोंबडा कापून झाला, सगळी आळी जमली. करवत मी मागून घेतली. माझ्या आखणीप्रमाणे काप दोन मीटर आत येत होता. अर्धं लाकूड कापलं आणि तुमचं बोलणं आठवलं. इतका चांगला लांब कणा मी तोडतेय, आणि तोडल्यावर परत जोडता येणार नाही. मी थांबले. खिशातून फीत काढून मोजायला लागले.

सिक्कीकाकांनी माझ्या हातून करवत काढून खाली ठेवली. "पोरी, कण्यावर चाललेली करवत थांबत नाही. आता या लाकडावर मी फळी चढवणार नाही." बाकीचेही घरी गेले. आई म्हणाली, "कॉलेजात थांबायला शिकवतात का?"

मी अपशकुन मानत नाही. पण ज्यांच्या हातांनी नाव होणार त्यांनाच तिच्यावर भरवसा नसेल, तर ती नाव त्या दोघांना मी कोणत्या तोंडाने देऊ? काम पुन्हा सुरू करायला विनार्तोसाहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. नंतर ते दुसरा कारागीर बघतील.

कणा लांब आणि उथळच हवा. तुमचं बरोबर होतं. मी नवी आखणी केली, नव्या कण्यासाठी जंगलकाठचं एक सरळ झाड पाहून ठेवलं. विनार्तोसाहेबांना स्वतःहून सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून.

तुम्ही आलात तर करवत तुम्ही धरा. नाही आलात, तर मी धरीन आणि हात गळून पडला तरी थांबणार नाही. पण त्या दिवशी समोर तुम्ही असावं असं फार वाटतं.

भिंत मात्र राहणार.

मध्येच थांबलेली, तुमचीच
हस्रियानी