गूळ फुटण्याआधी

…आणि बांनी बत्ता उचलला तेव्हा मी परातीवर आडवा हात धरला, ताई. परातीत गुळाची ढेप होती. समोर मुलाचे वडील भीमसिंगकाका आणि वणीहून आलेली त्यांची माणसं. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "थांबा. मुलगी काय शिकते ते तर ऐका."

नमस्कार राहिलाच. तीर्थस्वरूप उज्ज्वलाताईस धाकट्या सुनीलचा नमस्कार. आज तो वाकूनच आहे, मान वर करायची सोय नाही. तुझी प्रकृती बरी असेल. इथे आईबाप बरे आहेत; याडीचे गुडघे, बांचा राग आणि माझी भीती ही तिन्ही पूर्वीसारखीच आहेत. हे फोनवर सांगितलं असतं, पण घरातला फोन बांच्या खिशात असतो आणि ते स्पीकरशिवाय बोलत नाहीत. माझ्या फोनला रेंज टेकडीवर मिळते, आणि टेकडीवर सध्या अर्धा तांडा बसलेला असतो. (म्हणूनच तर तू निरोप माझ्या तोंडी दिलास: याडीला एकटीला गाठ, गूळ फुटायच्या आधी सांग की मला हे लग्न नको, प्रबंध पुरा करायचा आहे. गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मग मोडणाऱ्याला तांड्याच्या नायकासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे तू नाही, बा उभे राहिले असते.)

यवतमाळहून पुसदला उतरलो तेव्हा काम सोपं वाटत होतं. तांड्यावर पोचलो तर याडी चुलीपाशी, भोवती काकूंचा वेढा. ती विहिरीवर गेली, मी मागे गेलो. तिथे शेजारची रुखमाबाई भांडी घासत होती. गोठ्यात गेली; तिथे बा. शेवटी तिनं विचारलं, "काहून मागं मागं फिरून राह्यला रे? भूक लागली काय?" मी हो म्हणालो. भाकरी खाल्ली. (भूक नव्हती.) तेवढ्यात वणीच्या गाड्या आल्या आणि परात बाहेर आली.

म्हणून मी तुझा विषय सांगत बसलो. मेंदूतली पेशी म्हणजे लांब फांद्यांचं झाड. मधल्या केंद्रकात जनुकाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. अमुक प्रथिन बनवा, असा तो निरोप असतो. पण पुष्कळदा ते प्रथिन लागतं दूर, फांदीच्या टोकाला, जिथे दुसरी पेशी भेटते. मग काही वेगळी प्रथिनं या निरोपाची शेपटी पकडतात (शेपटीवर पत्ता असतो, हे तू सांगितलं होतंस), त्याला गप्प ठेवतात आणि टोकापर्यंत नेतात. शेजारच्या पेशीचा इशारा आला की पकड सुटते आणि निरोप कामाला लागतो. पकड ढिली पडली तर काम वाटेतच सुरू होतं. फार घट्ट झाली तर कधीच होत नाही. दोन्ही आजार आहेत. हे सांगताना मला घाम फुटला होता. पाहुण्यांना वाटलं, विषय अवघड आहे. एका मावशीनं विचारलं, हे प्रथिन दाळीत असते तेच काय. मी हो म्हणालो, आणि तूर, मूग, हरभरा अशी सगळ्या डाळींची नावं घेतली. (तू रागावशील. पण याडी अजून पाहुण्यांतच अडकली होती आणि बांच्या हातात बत्ता होता.)

भीमसिंगकाका मात्र ऐकत होते. ते म्हणाले, "हे तं आपलं बंजाऱ्यांचंच काम झालं. आपले आजे-पणजे बैलावर मीठ नेत. पोतं शिवलेलं. ज्याचं त्याच्या दारात उसवायचं, वाटेत नाही." मी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मंग तुह्यापाशी कोनाचं पोतं आहे, सुनील? आलो तवापासून तोंड शिवून राह्यला तू."

मी याडीकडे पाहिलं. ती परातीकडे पाहत होती. ताई, मी तुझा निरोप सगळ्यांसमोर सांगून टाकला.

बांनी बत्ता खाली ठेवला. भीमसिंगकाका म्हणाले, "गूळ फुटल्यावर समजलं असतं तं माह्या पोराचं तोंड कोनी पाह्यलं असतं?" ते जेवले आणि गेले. बा न जेवता वावरात गेले. मी याडीची माफी मागितली, की तुला एकटीला सांगायचं होतं. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं. म्हणून तं सापडत नव्हती तुले. ऐकलं असतं तं तुह्या बाशी मलेच बोला लागलं असतं."

तुझा,
सुनील

ता. क. डाळीचं चूक असेल तर लवकर कळव. मावशी वणीत सर्वांना सांगणार आहे.

ता. क. खरं काम राहिलं. मी बी.एड. दिवाळीतच सोडलं. बांना सांगायचं आहे. तू येशील तेव्हा हा निरोप आण. घट्ट धर, पण माझ्याइतका नको.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून सकाळचं लिहितो. ढेपेला मुंग्या लागल्या होत्या. याडीनं ती झटकली, फोडली आणि लापशीत घातली. बा आले, बसले, आणि दोनदा वाढून घेतली.