बर्फानं ओतलेला स्लॅब

प्रिय अण्णा,

वैभवीताई हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. फोन केला की तुम्ही कट करता, पत्र कसं कट करणार? मी हिमाचलात सोलनजवळ रस्ता रुंद करायच्या कामावर आहे. थंडी अशी, की बोईसरच्या उकाड्याची चक्क आठवण येते. पण जेवण बरं आहे, आणि सात महिने झाले, एकाच साइटवर टिकलोय. हसू नका.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. डोंगर कापला तर आत काँक्रीट! खरंच, अण्णा. राखाडी माल, त्यात सुपारीएवढी खडी, नारळाएवढा धोंडा, मध्येच एखादा कलिंगडाएवढा. वर पातळ गुलाबी थर, जणू कुणी गिलावा केलाय. मी साहेबांना ऐटीत सांगितलं, "साब, किसी पुराने ठेकेदार का स्लॅब है. गिट्टी छानी ही नहीं." सगळे पोट धरून हसले. दगड तपासणाऱ्या भावना मॅडम म्हणाल्या, "ठेकेदार बर्फ था, भैया. साठ करोड साल पहले." तेव्हा म्हणे बर्फाच्या नद्या जमीन खरवडत समुद्रापर्यंत यायच्या, वितळल्या की पोटातले लहानमोठे दगड खालच्या चिखलात सोडायच्या. त्या चिखलाचा खडक झाला, आणि समुद्राचा तळच वर येऊन हा डोंगर. मला काही पटेना. मग तुमच्यासारखं हातोडीनं ठोकून पाहिलं. खण्ण! कुठं पोकळ नाय, कुठं सांधा नाय. तुम्ही असता तर आधी चाळणीवरून शिव्या घातल्या असत्या, मग गुपचूप हात फिरवला असता.

सांधा म्हटलं की मला माकुणसारच्या त्या घराचा स्लॅब आठवतो. तुम्ही चारचौघांत "गाढवा, पाणी किती ओततोस" म्हणालात, आणि मी डिझेल मिक्सर बंद करून तो सुरू करायचं हँडलच घेऊन निघून गेलो. अर्धा स्लॅब तसाच सुकला, उरलेला नंतर त्याला जोडावा लागला. पुढं पावसाळाभर त्या सांध्यातून गळत राहिलं आणि घरमालकाची बोलणी तुम्ही खाल्लीत, हे ताईनं सांगितलं. पाणी मी जास्तच ओतत होतो, अण्णा.

ताईच्या घराचा स्लॅब पुढच्या महिन्यात आहे ना? मी सुट्टी मागून ठेवलीय. तुम्ही नवं हँडल आणलं असेलच. पण जुनं माझ्याकडं आहे, इथं, ट्रंकेत. फेकवलं नाही. मला मिक्सरवर उभं करणार असाल, तर ताईला नुसती तारीख सांगा. शेवटचं घमेलं वर जाईपर्यंत हलणार नाय. गाढव म्हणालात तरी.

तुमचाच,
धीरज